मन की शरीर? पुरुषांची लैंगिक दुर्बलता आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा धडा

बीडहून वडवणीमार्गे परळीला जाताना वाटेत तेलगाव लागते. माजलगावकडून धारूरकडे जाणारा रस्ता इथेच या रस्त्याला मिळतो. शेजारी सहकारी साखर कारखाना असल्यामुळे गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागलेली असते. काही वर्षांपूर्वी तिथे अकरावी-बारावीच्या मुलांसमोर बोलण्याचा योग आला. विषय होता ‘विज्ञानात मोजमाप कसे करतात’. तोंडी प्रश्न विचारायला मुले संकोचतात, म्हणून शिक्षकांनी पुठ्ठ्याच्या खोक्याची प्रश्नपेटी केली होती. एकेक चिठ्ठी निघत होती. एक चिठ्ठी वाचून शिक्षक थबकले आणि ती माझ्या हातात देत हळूच म्हणाले, “सर, ही बाजूला ठेवू का?”

चिठ्ठीत लिहिले होते : ‘माझ्या चुलतभावाच्या लग्नाला दोन वर्षं झाली. त्याला पुरुषपणाची अडचण आहे. शहरात एका ठिकाणी त्याच्याकडून भलीमोठी प्रश्नपत्रिका भरून घेतली आणि सांगितलं, तुमचा स्वभावच असा आहे, शरीरात काही दोष नाही. प्रश्नपत्रिकेवरून हे मोजता येतं का?’

मी चिठ्ठी बाजूला ठेवली नाही. प्रश्न अगदी विषयाला धरून होता, मोजमापाचाच होता. पण वेळ संपत आली होती. ‘एवढ्यावरून ठामपणे सांगता येत नाही, शरीराची तपासणी व्हायलाच हवी’ अशी दोन वाक्ये बोलून मी खाली बसलो. प्रश्न मात्र त्याहून मोठ्या उत्तराच्या योग्यतेचा होता. ते उत्तर विज्ञानाच्या इतिहासात सापडते. कारण नेमका हाच प्रश्न संशोधकांनी स्वतःला विचारला होता, आणि बरीच वर्षे त्याचे उत्तर ‘होय’ असे मानले गेले होते.

दोष मनाचा, असे का वाटले?

पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणे किंवा ती पुरेशी न टिकणे ही तक्रार जुनीच आहे. चरकसंहितेत क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत, तर सुश्रुतसंहितेत मनामुळे उद्भवणारा प्रकार वेगळा नोंदवला आहे. म्हणजे शरीर आणि मन या दोन्हींचा विचार आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी केला होता.

विसाव्या शतकात मात्र पारडे मनाच्या बाजूला झुकले. १९१२ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी या तक्रारीचे मूळ बालपणीच्या भावनिक गुंत्यांत शोधले. पुढे १९७० साली विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांचा लैंगिक अडचणींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘आपल्याला जमेल ना?’ ही भीती आणि स्वतःकडे प्रेक्षकासारखे पाहत राहण्याची सवय यांमुळे ताठरता नाहीशी होते, असे त्यांनी दाखवून दिले. हे निरीक्षण खरेच आहे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला, की दहापैकी नऊ रुग्णांचा दोष मनातच असतो असे वैद्यकाच्या पुस्तकांतून सर्रास छापले जाऊ लागले.

यामागे एक साधे कारण होते. त्या काळी शरीरातले दोष शोधण्याची साधनेच तोकडी होती. लिंगातील रक्तप्रवाह मोजता येत नव्हता. रक्तातील संप्रेरकांचे अचूक मापन नुकतेच सुरू झाले होते. वरवरच्या तपासणीत काही सापडले नाही, की उरलेले खापर मनावर फोडले जाई. ‘शरीरात काही सापडले नाही’ आणि ‘शरीरात काही नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. या दोहोंतला फरक विद्यार्थ्यांच्या मनावर जरूर ठसवावा.

प्रश्नावल्यांचा जन्म

दोष मनाचा असेल, तर मन मोजायला हवे. त्यासाठी हाताशी एक साधन तयार होते, ते म्हणजे व्यक्तिमत्त्व चाचणी.

तिची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. तोफांच्या भडिमारात मनाने खचणारे सैनिक आधीच ओळखता यावेत, म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे द्यायची एक प्रश्नावली बनवली. ती तयार होईपर्यंत युद्धच संपले. पण कल्पना रुजली. एकेका माणसाशी तासन् तास बोलण्याऐवजी सगळ्यांना एकच कागद द्यावा आणि गुण मोजावेत, ही सोय मोठी होती. शिक्षकांना तिचे आकर्षण सहज कळेल.

या घराण्यातील सर्वांत गाजलेली चाचणी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात तयार झाली. मानसशास्त्रज्ञ स्टार्क हॅथवे आणि वैद्य जे. सी. मॅकिन्ली यांनी ती १९४३ साली प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एम.एम.पी.आय. म्हणतात. तिच्यात साडेपाचशेच्या आसपास विधाने होती. प्रत्येक विधान आपल्याला लागू आहे की नाही, एवढेच सांगायचे. ही विधाने निवडण्याची रीत वेगळी होती. अमुक विधानाचा अमुक आजाराशी काय संबंध, हा विचार बाजूला ठेवला गेला. रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या उत्तरांत जिथे फरक दिसला, ते विधान मोजपट्टीत घेतले गेले. निरोगी म्हणून धरलेली माणसे प्रामुख्याने त्या विद्यापीठाच्या रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला आलेली होती. त्यांची संख्या होती ७२४. उत्तर अमेरिकेतल्या एका राज्यातली ही माणसे पुढे जगभरच्या ‘सामान्य’ माणसाचे माप ठरली.

या चाचणीच्या मुख्य मोजपट्ट्यांपैकी एक होती ‘पुरुषत्व-स्त्रीत्वा’ची. तिची घडण पाहण्यासारखी आहे. ती बेतण्यासाठी वापरलेल्या गटांत ५४ सैनिक होते, विमान कंपनीत काम करणाऱ्या ६७ स्त्रिया होत्या आणि अवघे १३ समलिंगी पुरुष होते. एवढ्याशा पायावर पुरुषत्वाचे माप उभे राहिले. एखाद्या पुरुषाला चित्रकला किंवा स्वयंपाक आवडत असेल, तर त्याचे गुण या पट्टीवर ‘स्त्रीत्वा’कडे सरकत. आपल्याकडच्या कीर्तनात रमणाऱ्या किंवा कविता करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचे या पट्टीवर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ह्यूस्टनमधील प्रयोग

१९६४ साली एल-सेनूसी यांनी केवळ पुरुषांच्या नपुंसकत्वासाठी बनवलेली एक चाचणीही प्रसिद्ध झाली. प्रश्न असा होता, की या चाचण्या खरोखर कारण ओळखतात का? हे पडताळायचे, तर ‘खरे कारण’ सांगणारे दुसरे एखादे स्वतंत्र माप हवे. ते माप झोपेच्या अभ्यासातून आले.

१९४४ साली जर्मनीत ओलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. निरोगी पुरुषांना झोपेत ठरावीक अंतराने, साधारण दर ८५ मिनिटांनी, ताठरता येते आणि ती सुमारे २५ मिनिटे टिकते. हे कशामुळे होते ते तेव्हा कळले नव्हते. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेचा एक टप्पा शोधला. त्यात मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि बहुतेक ठळक स्वप्ने याच टप्प्यात पडतात. १९६५ च्या सुमारास या दोन शोधांची सांगड बसली. झोपेतली ताठरता याच स्वप्ननिद्रेशी जोडलेली असते, असे दिसून आले.

यावरून तर्क असा निघाला. जागेपणीची भीती, लाज, पत्नीशी झालेला बेबनाव ही सगळी झोपेत दूर राहतात. तेव्हा झोपेत ताठरता येत असेल, तर रक्तवाहिन्या आणि चेतातंतू ठीक आहेत. झोपेतही येत नसेल, तर शरीरात दोष असण्याचा संभव मोठा. इस्मेत काराजान या तुर्की वंशाच्या संशोधकांनी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात याच तत्त्वावर रुग्ण तपासायला सुरुवात केली. लिंगाभोवती घेर मोजणारी लवचीक कडी बसवायची आणि रात्रभर आलेख काढायचा.

१९७५ साली लॅरी बॉइटलर या मानसशास्त्रज्ञांनी काराजान आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेच्या आलेखावरून रुग्णांचे शारीरिक आणि मानसिक असे गट पाडले, आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांवरून हे गट ओळखता येतात का ते पाहिले. एम.एम.पी.आय.च्या गुणांवरून काही नियम बसवता आले. त्यांत ‘पुरुषत्व-स्त्रीत्वा’च्या पट्टीला महत्त्वाचे स्थान होते. त्या रुग्णांपुरते हे नियम उत्तम चालले. झोपेच्या प्रयोगशाळेचा खर्च मोठा आणि रात्री जागायला माणसे लागतात. प्रश्नावली मात्र तासा-दीड तासात भरून होते. साहजिकच अनेकांना हा स्वस्त मार्ग सापडल्याचा आनंद झाला.

पण विज्ञानात एका जागी चाललेला नियम दुसऱ्या जागी चालवून पाहावा लागतो. पुढच्या सात-आठ वर्षांत इतर संशोधकांनी हे नियम नव्या रुग्णांना लावून पाहिले. पहिल्या अभ्यासातले यश टिकले नाही. दोन्ही गटांच्या उत्तरपत्रिका एकमेकींसारख्या दिसू लागल्या आणि केवळ प्रश्नावलीवरून निदान करण्याचा भरवसा ओसरला.

गणित कुठे चुकले?

या अपयशाची कारणे समजून घेण्याजोगी आहेत, कारण ती याच एका विषयापुरती नाहीत.

पहिले कारण : ज्या थोड्या माणसांवरून नियम शोधला, त्यांच्यावरच तो पडताळला तर तो चालणारच. वर्गातल्या तीस मुलांपैकी गणितात पहिल्या आलेल्या पाचांच्या चपला काळ्या आहेत असे दिसले, तर ‘काळ्या चपला म्हणजे हुशारी’ हा नियम त्या वर्गात बिनचूक ठरेल. शेजारच्या वर्गात तो कोलमडेल.

दुसरे कारण : आधी काय आणि नंतर काय, हे प्रश्नावलीला कळत नाही. समजा, एखाद्या माणसाला मधुमेहामुळे दोन वर्षे ही अडचण आहे. तो खिन्न असेल, त्याचा आत्मविश्वास गेला असेल, झोप लागत नसेल, बायकोसमोर जायला तो टाळत असेल. प्रश्नावलीत हे सगळे उमटेल. तपासणारा म्हणेल, ‘पाहा, किती चिंताग्रस्त स्वभाव!’ चिंता हे कारण नसून परिणामही असू शकतो, पण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते साध्या अंकगणिताने कळते. मिनेसोटाचेच पॉल मील यांनी अल्बर्ट रोझेन यांच्यासह १९५५ साली ते मानसशास्त्रज्ञांपुढे मांडले होते. समजा, एक चाचणी शंभरात ऐंशी वेळा बरोबर असते. मानसिक रुग्णांनाही आणि शारीरिक रुग्णांनाही. आता ती मनोविकार विभागात वापरली. तिथल्या १०० रुग्णांपैकी ८० मानसिक आणि २० शारीरिक कारणाचे आहेत असे धरू. चाचणी ८० पैकी ६४ जणांना बरोबर ‘मानसिक’ म्हणेल आणि २० पैकी ४ जणांना चुकून ‘मानसिक’ म्हणेल. म्हणजे ६८ शिक्क्यांपैकी ४ चुकीचे. ठीक आहे. तीच चाचणी मधुमेहाच्या दवाखान्यात नेली. तिथे १०० पैकी ८० शारीरिक आणि २० मानसिक कारणाचे आहेत. आता ती २० पैकी १६ जणांना बरोबर ‘मानसिक’ म्हणेल, पण ८० पैकी १६ जणांनाही तोच शिक्का मारेल. ३२ शिक्क्यांपैकी १६ चुकीचे, म्हणजे छापा-काटा! गंमत अशी, की या दवाखान्यात कोणतीही चाचणी न घेता प्रत्येकाला ‘शारीरिक’ म्हटले, तरी शंभरात ऐंशी वेळा उत्तर बरोबर येते. चाचणी बदलली नाही, माणसे बदलली. चाचणीचा खरेपणा तिच्या कागदात नसतो. ती कुठे वापरली यावरही तो अवलंबून असतो. हे उदाहरण संभाव्यतेच्या तासाला फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे. विषय अवघड वाटल्यास रोगाचे नाव बदलावे, आकडे तेच ठेवावेत.

मग रुग्णांना या निकालांवर विश्वास का बसतो? याचे उत्तर बर्ट्रम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आहे. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला ‘तुमचे वर्णन’ म्हणून कागद दिला. ते कितपत जुळते यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हाती एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ या धाटणीचे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? हा प्रयोग वर्गात अर्ध्या तासात करता येतो. २०१६ पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी होत असे. तो अनुभव ज्या शिक्षकांच्या गाठीशी आहे, त्यांना हा प्रयोग विशेष बोलका वाटेल.

शरीराने दिलेले उत्तर

प्रश्नावलीचा भरवसा ओसरत असतानाच शरीराकडून पुरावे येऊ लागले. १९८० साली स्पार्क आणि सहकाऱ्यांनी या तक्रारीच्या ओळीने आलेल्या १०५ रुग्णांच्या रक्तातील टेस्टोस्टेरोन मोजले. त्यांपैकी ३७ जणांत मेंदूतील पीयूषिका ग्रंथी आणि वृषणे यांच्या साखळीतले दोष सापडले, जे आधी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याच वर्षी झोपेतली ताठरता घरच्या घरी तपासायची एक युक्ती प्रसिद्ध झाली : झोपताना लिंगाभोवती टपाल तिकिटांची पट्टी चिकटवायची आणि सकाळी ती छिद्रांवर फाटली आहे का ते पाहायचे! साडेपाचशे विधानांपेक्षा चार तिकिटे काही वेळा अधिक सांगून जात. अर्थात हे मापही निर्दोष नाही. तीव्र नैराश्यात झोपेतली ताठरता कमी होऊ शकते आणि झोपच नीट लागली नाही तर आलेख फसवतो.

१९८२ साली फ्रान्समध्ये रोनाल्ड विराग यांनी पापावरीन या औषधाच्या इंजेक्शनाने ताठरता येते असे दाखवले. १९८३ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी लास व्हेगासच्या वैद्यकीय परिषदेत स्वतःला असेच एक इंजेक्शन घेऊन त्याचा परिणाम भर सभागृहात दाखवला. प्रकार विक्षिप्त खरा, पण निष्कर्ष स्वच्छ होता. प्रेम नाही, वासना नाही, एकांत नाही. तरीही रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडले की ताठरता येते.

त्यामागची यंत्रणा अशी : लिंगात स्पंजासारख्या ऊतीच्या नळ्या असतात. त्यांतील अनैच्छिक स्नायू एरवी आवळलेले असतात. मेंदूकडून आणि मज्जारज्जूकडून संदेश आला की चेतातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. स्नायू सैल पडतात, रक्त वेगाने आत शिरते आणि फुगलेली ऊती बाहेर जाणाऱ्या शिरांना दाबून रक्त अडवते. शरीरात नायट्रिक ऑक्साइड संदेशवाहकाचे काम करतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिल या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. मुळात ते हृदयविकारासाठी तपासले जात होते.

आता भीतीचे काय? भीती वाटली की ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये वाढतात, आणि तीच द्रव्ये हे स्नायू पुन्हा आवळतात. म्हणजे मनातली चिंता आणि मधुमेहाने बिघडलेली रक्तवाहिनी, दोन्ही एकाच स्नायूवर येऊन पोचतात. मधुमेही माणसाला एकदा अपयश आले की भीती बसते, आणि भीतीने पुढचे अपयश पक्के होते. अशा माणसाला ‘मनाचे की शरीराचे?’ असे विचारणे म्हणजे आयताचे क्षेत्रफळ लांबीमुळे की रुंदीमुळे, असे विचारणे होय. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही हीच भूमिका घेतली. ‘नपुंसकत्व’ हा हिणवणारा शब्द सोडून ‘ताठरतेतील बिघाड’ म्हणावे, आणि शरीर व मन दोन्हींचा एकत्र विचार करावा, असे तिने सुचवले.

मुंबईतले डॉक्टर काय करत होते?

आपल्याकडे हा विषय आधी न्यायालयात गेला आणि मग रुग्णालयात. विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यात सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शंका विचारणाऱ्याला ज्ञान मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण आपल्या रुग्णांच्या दुखण्याचे एक मूळ कर्व्यांनी बरोबर ओळखले होते. ते मूळ म्हणजे अज्ञान.

१९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी या अज्ञानातून येणाऱ्या आजाराला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. लघवीवाटे धातू जातो, स्वप्नावस्थेने शक्ती संपते, हस्तमैथुनाने माणूस कायमचा कमजोर होतो, अशा समजुतींमुळे तरुण खंगतात, थकवा आणि चिंता सांगतात आणि शेवटी खरोखरच ताठरतेची तक्रार घेऊन येतात.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. वि. ना. बगाडिया आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली लैंगिक तक्रारींच्या २५८ पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अविवाहितांत स्वप्नावस्थेची धास्ती मोठी होती, तर विवाहितांत ताठरता न येणे आणि शीघ्रपतन या तक्रारी ठळक होत्या. म्हणजे एकाच ‘कमजोरी’ या शब्दाखाली निरनिराळी माणसे उभी होती. त्याआधीच, १९५९ साली, डॉ. बगाडिया, डॉ. वाहिया आणि सहकाऱ्यांनी अशा तक्रारींवर एक उपचार सुचवला होता. त्याचे नाव शिक्षकांना नक्की आवडेल. ते होते ‘शैक्षणिक गट-मानसोपचार’. रुग्णांना एकत्र बसवायचे, शरीराची रचना समजावून सांगायची, वीर्य म्हणजे काय, स्वप्नावस्था का होते हे सांगायचे आणि शंका विचारू द्यायच्या. थोडक्यात, वर्ग भरवायचा! पुढे डॉ. प्रकाश कोठारी यांनी के.ई.एम.मध्येच लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला आणि १९८५ साली या विषयाची जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली.

या तुलनेतून एक गोष्ट दिसते. प्रश्नावली विचारते, ‘तू कोण आहेस?’ मुंबईच्या डॉक्टरांनी विचारले, ‘तुला काय होते, कधीपासून होते आणि त्याबद्दल तुला काय वाटते?’ दुसऱ्या प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगी पडली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्याही याच वळणाच्या आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वमान्य प्रश्नावलीत फक्त १५ प्रश्न आहेत आणि ते गेल्या चार आठवड्यांतील अनुभवाविषयी आहेत. त्यावरून त्रास किती आहे आणि उपचाराने तो कमी झाला का, हे कळते. कारण सांगण्याचा दावा ती करत नाही. व्यक्तिमत्त्व चाचण्या निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. खोल नैराश्य किंवा तीव्र चिंता हेरायला त्यांची मदत होते, तीही शरीराच्या तपासणीबरोबर, तिच्याऐवजी नव्हे.

चिठ्ठीचे उत्तर

‘तुमचा स्वभावच असा आहे’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. त्याने माणूस स्वतःला दोष देत बसतो आणि तपासणी राहून जाते. लिंगातील रोहिणी एक ते दोन मिलिमीटर रुंद, तर हृदयाच्या रोहिण्या तीन ते चार मिलिमीटर. रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचू लागला, तर अरुंद नळी आधी कुरकुरते. म्हणून ताठरतेतील बिघाड हा काही जणांत हृदयविकाराचा, काही वर्षे आधी मिळालेला इशारा असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, दारू, काही औषधे ही कारणे साध्या तपासणीत आणि विचारपुशीत सापडतात. ग्रामीण रुग्णालयात रक्तातली साखर आणि रक्तदाब पाहायला फारसा खर्च येत नाही.

तपासणी टळली की माणूस भिंतीवरच्या जाहिरातीकडे वळतो. कमजोरीवर हमखास इलाज सांगणाऱ्या अशा जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने मनाई आहे. तरी एस.टी. स्थानकांच्या आसपास त्या दिसतातच. दुकानातून परस्पर घेतलेली गोळीही धोक्याची ठरू शकते. हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे : प्रश्नपत्रिकेवरून भावाच्या मनावर आज किती ताण आहे याचा अंदाज येईल, तो ताण का आला, ते कळणार नाही. त्याच्या अडचणीचे कारण मला माहीत नाही. केवळ कागद वाचून निकाल देणाऱ्यालाही ते माहीत असण्याचे कारण नव्हते. भावाला सांग, की पहाटे जाग येताना ताठरता असते का, ते ध्यानात ठेव. साखर, रक्तदाब आणि गरज पडल्यास संप्रेरके तपासून घे. कोणती औषधे चालू आहेत ते डॉक्टरांना सांग. आणि शक्य असेल तर वहिनींनाही बरोबर ने. मनाचा भाग निघाला तर त्यावर बोलून, शिकून उपाय होतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि शिक्षकांना एक विनंती. प्रश्नपेटीतून अशी चिठ्ठी निघाली, तर ती बाजूला ठेवू नका. लगेच उत्तर देता आले नाही तरी चालेल. ‘प्रश्न चांगला आहे, माहिती काढून सांगतो’ एवढे वर्गासमोर म्हणा, आणि पुढच्या तासाला खरोखरच सांगा.